फरकबाईंचं मौन

शिकायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांचं खरं नाव ठाऊक नव्हतं. तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत आणि पाठ वळली की ‘फरकबाई’. फळ्यावर दोन इंग्रजी शब्द लिहायचे, दोन्ही मोठ्याने म्हणायचे आणि डोळे बारीक करून विचारायचं, "फरक काय?" हाच त्यांचा धंदा होता. शिप आणि शीप: पहिलं पाण्यावर चालतं, दुसरं गवतावर चरतं. फुल आणि फूल: पहिलं भरलेलं, दुसरा डोक्याने रिकामा. वॉक आणि वर्क: पहिलं संध्याकाळी करायचं, दुसरं दिवसभर टाळायचं. परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट तर आपण लिहितोही सारखी आणि म्हणतोही सारखी, त्यामुळे तिथे बाई हटकून जास्त वेळ घेत.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. खाली हवा भरायच्या यंत्राची धडधड आणि वर ओठांचे चंबू करून बसलेली मोठी मोठी माणसं. त्यात हॉटेलातले वेटर असत, टॅक्सीवाले असत, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली असत, नवऱ्यामागे परदेशी जाऊ घातलेल्या सुना असत. बाईंची हत्यारं साधी होती. एक आरसा, एक रबर आणि कागदाची एक पट्टी. ‘शीप’ म्हणताना रबर ताणायचं, ‘शिप’ म्हणताना ढिलं सोडायचं. पट्टी ओठांसमोर धरायची आणि ‘पेअर’ म्हणायचं. पट्टी उडाली पाहिजे. नाही उडाली तर इंग्रजांच्या कानाला ‘बेअर’ ऐकू येतं. "बाजारात पेर मागायला गेलात तर हातात अस्वल देतील," बाई सांगत. आणि ‘व्हेट’, ‘वेट’ आले की आरसा. जनावरांच्या डॉक्टरला वरचे दात खालच्या ओठावर, ओल्याला ओठ पुढे. आरशात स्वतःचे दात बघून टॅक्सीवाले लाजत.

मागच्या भिंतीशी एक बाक होता. त्याला गप्प बाक म्हणत. ज्याला जोडीतला फरक जमत नाही त्याने तिथे बसायचं आणि फक्त ऐकायचं. बोलायचं नाही, पुटपुटायचंही नाही. कान तयार झाला की बाई स्वतः पुढे बोलवत. कोणी कुरकुर केली तर बाईंचं एकच उत्तर असे: "चुकीचा उच्चार म्हणजे पाहुणा नव्हे, पोटभाडेकरू आहे. एकदा तोंडात राहायला आला की कोर्टकचेरी करूनही निघत नाही. येत नसेल तर गप्प बसा. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बरं." पुष्कळ लोक त्या बाकावरूनच जिना उतरून गेले ते परत आले नाहीत. जे टिकले त्यांची इंग्रजी मात्र अशी घासूनपुसून निघे की मुलाखत घेणारेच गडबडत. त्यामुळे बाईंचं नाव होतं आणि बाकाचा दराराही होता.

हा हट्ट काही आभाळातून पडला नव्हता. बाईंच्या माहेरी इंग्रजी फक्त औषधाच्या बाटलीवर असे. कॉलेज संपल्यावर त्या बंदरावरच्या एका मालाच्या ऑफिसात लागल्या आणि पहिल्याच आठवड्यात, साहेबांसकट सगळे बसले असताना, मोठ्या उत्साहाने इंग्रजीत सांगत आल्या की शीप धक्क्याला लागलं. खोली हसून हसून लोळली. त्यानंतर बाईंनी नोकरी सोडेपर्यंत, त्या दारातून आत आल्या की कुठल्यातरी टेबलामागून ‘बेंऽ’ असा आवाज यायचा. बाई सगळ्यांबरोबर हसायच्या आणि घरी येऊन रेडिओला कान लावून, आरशासमोर जबडा दुखेपर्यंत बसायच्या. अपमान काही जण गिळतात, काही जण पचवतात. बाईंनी तो चावून चावून त्याचा वर्ग काढला.

नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं टेबल, तेलाची डबी, सुयांचे डबे आणि उघडी पडलेली यंत्रं. शांत माणूस. बायकोसमोर त्याने इंग्रजी शब्द उच्चारायचं कधीच सोडून दिलं होतं. स्क्रू ड्रायव्हरलाही तो ‘ते पिळायचं’ म्हणायचा. एकुलती लेक नर्स झाली आणि दुसऱ्या शहरात मोठ्या दवाखान्यात लागली. तिला इंग्रजीची गोडीच नाही, दिव्याखाली अंधार, असं बाई चारचौघांत बोलून दाखवत.

मग एका सकाळी वर्ग चालू असताना ते झालं. फळ्यावर ‘पुल’ आणि ‘पूल’ लिहिलेलं होतं, ओढणं आणि पोहण्याचा तलाव. बाईंनी पहिला शब्द म्हटला आणि त्यांच्या तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली. शब्दाच्या जागी नुसती ओली हवा बाहेर आली. आता गंमत म्हणावी की दैव, समोरच्या सगळ्या वर्गाला वाटलं की हा इंग्रजीतला आणखी एखादा नवा अवघड उच्चार आहे. बाईंनी दाखवलं ते करायचं, ही तिथली शिस्त. सगळ्यांनी मुकाट्याने उजवीकडून ओठ खाली ओढले आणि एका सुरात ती ओली हवा सोडली. एका सुनेने आरसा काढून आपलं बरोबर वाकडं होतंय ना हेही तपासलं. बाईंनी पुन्हा प्रयत्न केला, वर्गाने पुन्हा केला. बाईंच्या हातातला खडू पडला आणि तो उचलायला हात वळेना, तेव्हा एका टॅक्सीवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्याच गाडीतून बाई दवाखान्यात गेल्या.

जीव वाचला. पाय सावरले, काठी घेऊन घरात चालता येऊ लागलं. उजवा हात अर्धामुर्धा, उजवा गाल आणि ओठ मात्र बधिर. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर होतं तसं, फक्त ते उतरत नव्हतं. आणि नुसता गाल नव्हे, आतलंही काहीतरी तसंच बधिर झालं होतं. बाईंना ते कळत होतं, पण कळून काही होत नव्हतं. नवरा भरवताना रडला ते त्यांनी पाहिलं. त्याच्या नाकाचं टोक लाल होतं आणि बनियनवर तेलाचा डाग पडलेला, एवढंच लक्षात राहिलं. वर्गातली माणसं फळं घेऊन आली, बाईंसमोर एकेक शब्द तोलून मापून बोलली आणि घामाघूम होऊन गेली. बाईंना ना बरं वाटलं ना वाईट. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात असं होतं कधीकधी, मन थोडं मागे राहतं. गल्लीत विनोद झाला की फरकबाईंना आता कशानेच फरक पडत नाही. तोही त्यांच्या कानावर आला. त्यावरही काही वाटलं नाही.

बोलणं शिकवायला एक तरुण बाई घरी यायची. नवरा तिला जिभेची डॉक्टरीण म्हणे. ती गाल फुगवायला सांगे, पेटलेली काडी विझवायला सांगे, ‘पा-बा-मा’ म्हणायला सांगे. फरकबाई तिच्याकडे बघत बसत. ओठ उघडतसुद्धा नसत.

"यांच्या डोक्यात शब्द सगळे शाबूत आहेत," डॉक्टरीण दारात नवऱ्याला हळूच म्हणाली. "अडचण ओठांची आहे. आता निदान थोडंफार तरी बोलणं यायला हवं होतं. या करत नाहीयेत की करून दाखवत नाहीयेत, तेच मला समजत नाही."

"आता दाखवत नाही म्हणजे काय हो," नवरा म्हणाला. "बोलणं हाच तर तिचा जीव की प्राण."

डॉक्टरीण शहाणी होती, तिने बरोबर ओळखलं होतं. दुपारी नवरा एखादं यंत्र पोचवायला बाहेर गेला की बाई न्हाणीघरात जात, कडी लावत, नळ सोडत आणि छोट्या आरशासमोर उभ्या राहून जोड्या म्हणत. आवाज येत होता. शब्दही येत होते. पण ‘पुल’ आणि ‘पूल’, ‘पेअर’ आणि ‘बेअर’, ‘व्हेट’ आणि ‘वेट’, आयुष्यभर दोन्ही हातांनी ओढून ज्यांना वेगळं केलं ते सगळे शब्द आता एकमेकांत मिसळून, सुजून, लाळेबरोबर बाहेर येत. मराठीची गत त्याहून बरी नव्हती. ‘पाणी’ आणि ‘भानी’ यांच्या मधलं काहीतरी. बाई ऐकत, शेरा दिल्यासारखी मान हलवत आणि नळ बंद करत. त्यांचा नियम त्यांना पाठ होता. येत नाही तर गप्प बसायचं. त्यांनी स्वतःला बाकावर बसवलं होतं आणि त्यात त्यांना दुःखही वाटत नव्हतं. नियम म्हणजे नियम.

घरात शांतता नको म्हणून नवरा दोघांचं बोलू लागला. आधी मराठीत, मग हळूहळू धीर चेपून त्याची दडपलेली इंग्रजीही बाहेर पडली. "थोडा भात घे, टेस्ट करून तर बघ. मऊ केलाय. चालताना वर्क स्लो कर गं, घाई नको." तीस वर्षांचा तुंबलेला नळ सुटला होता. ‘वर्क’ ऐकून बाईंच्या भुवया थोड्या हलत. तेवढ्या एका जागी आत काहीतरी जिवंत होतं.

तीन महिन्यांनी लेक रजा काढून आली. ती आधीही दवाखान्यात येऊन गेली होती, पण तेव्हा सगळ्यांनाच आशा होती. या वेळी तिने आईला अंघोळ घातली, केस विंचरले, गाल चोळला, आणि रोज संध्याकाळी समोर खुर्ची घेऊन बसली. "आई, काहीही म्हण. नुसतं ‘अं’ म्हण." बाई तिच्याकडे बघत. लेकीच्या डोळ्यांखाली काळं आलंय, हे दिसे. त्यापुढे मन सरकत नसे.

लेकीच्या मागे एक मोठी गोष्ट लागलेली होती आणि ती घरात सगळ्यांना माहीत होती. समुद्रापलीकडच्या एका दवाखान्याने तिला पसंत केलं होतं. दोन मुलाखती फोनवर झाल्या होत्या. आता शेवटचा फोन यायचा होता, त्यात कधी रुजू होणार ते सांगायचं आणि जायचं. कित्येक वर्षं ती यासाठी धडपडत होती. आता ती म्हणत होती की जात नाही.

"बाबा, तुम्ही एकटे काय काय करणार? आईला काही झालं तर ती हाक तरी मारू शकेल का?"

"मी आहे ना घरात."

"तुमचं यंत्र चालू असलं की तुम्हाला भूकंप झालेला कळत नाही."

"अगं, पण अशी संधी पुन्हा पुन्हा येते का? तिला विचार, ती तुला थांब म्हणेल का?"

"विचारलं," लेक म्हणाली. "काल विचारलं. ती बघते नुसती. ती एक शब्द जरी बोलली असती ना बाबा, तरी मी डोळे मिटून गेले असते. पण जिला बोलताच येत नाही तिला टाकून कशी जाऊ?"

हे सगळं बाईंसमोरच झालं. त्यांना प्रत्येक शब्द समजला. लेकीचं जाणं आता आपल्या ओठांवर अडकलंय हेही समजलं. एक शब्द बोलायचा की काम झालं. पण तो शब्द कसा येईल तेही त्यांना ठाऊक होतं. लेक ऐकेल, तोंड फिरवेल, आणि आईच्या आधीच्या आवाजावर हाच आवाज कायमचा बसेल. त्यापेक्षा तिला आधीचा आवाज आठवू दे. बाईंनी असा विचार केला, थंडपणे, दुसऱ्या कोणाचं गणित सोडवावं तसा, आणि डोळे मिटून घेतले.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. बाई आतल्या खोलीत पलंगावर होत्या. बापाला ऐकायचं होतं म्हणून लेकीने फोन टेबलावर, उघड्या शिवणयंत्राशेजारी, मोठ्या आवाजात लावून ठेवला होता. पलीकडे कोणी वयस्क बाई होती. दोघींचं इंग्रजीत सुरू झालं आणि आतल्या खोलीत फरकबाईंनी डोळे उघडले.

हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. लेक घडाघडा बोलत होती. न अडखळता, न थांबता, मधेच हसत. आणि चुकत तरी किती होती! हृदयाच्या रुग्णांना ती खुशाल ‘हार्ड पेशंट’ म्हणत होती. ऑपरेशननंतर आपण त्यांच्याकडून रोज सकाळी कसं ‘वर्क’ करून घेतो ते सांगत होती. पलीकडची बाई चमकून म्हणाली, आजाऱ्यांना कामाला लावता? लेक खळखळून हसली आणि म्हणाली, काम नव्हे हो, पायांनी, हळूहळू, माझा हात धरून. पलीकडची बाईही हसली. मग दोघी एका म्हाताऱ्या रुग्णाबद्दल काहीतरी बोलल्या, आणि पलीकडची म्हणाली की तुझ्यासारखीच मुलगी आम्हाला हवी होती. बाई छताकडे बघत एकेक चूक मोजल्यासारखी टिपत होत्या. हे कधी शिकली ही? कोणाकडे शिकली? घरात तर ही कधी एक वाक्य बोलली नाही.

मग पलीकडच्या बाईने विचारलं, कधी येतेस. लेक म्हणाली की तिला फार वाईट वाटतंय, पण तिला येता येणार नाही. माझी आई आजारी आहे. तिला बोलता येत नाही.

बाई उठल्या. का उठल्या, हे त्यांना कोणी नंतर विचारलं असतं तर धड सांगता आलं नसतं. माया म्हणावी तर त्या घटकेला मनात मायेचा थेंब नव्हता. पण समोर कोणी चुकीचं विधान केलं आणि बाईंनी ते तसंच जाऊ दिलं, असं आयुष्यात झालेलं नव्हतं. तिला बोलता येत नाही, हे खोटं होतं. काठी हाताला लागली नाही म्हणून त्या भिंतीला धरून निघाल्या. दारात नवऱ्याने पाहिलं आणि तो हातातलं स्क्रू पिळायचं तसंच धरून उभा राहिला. बाई टेबलापाशी पोचल्या, डावा हात टेकला आणि फोनकडे वाकल्या.

‘माय डॉटर विल कम.’ एवढंच म्हणायचं होतं. बाईंना वाक्याची घडण दिसत होती. सुरुवातीला ओठ मिटायचे, मधे ओठांचा चंबू करायचा, शेवटी पुन्हा मिटायचे. तिन्ही जागा पडक्या. त्या बोलल्या आणि ती सुजलेली, वाहती ओळ खोलीत सगळ्यांनी ऐकली.

पलीकडून आवाज आला, माफ करा, नीट कळलं नाही. पुन्हा सांगता का?

लेक दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. बाईंच्या हनुवटीवरून लाळ उतरली. त्यांनी ती मनगटाने पुसली आणि पुन्हा म्हटलं. पलीकडची बाई सभ्य होती, तिला आणखी एकदा विचारायचा संकोच वाटत होता, पण तिला खरंच समजलं नव्हतं. कोण बोलतंय, तिने विचारलं. बाईंनी बधिर ओठ डाव्या हाताच्या बोटांनी चिमटीत धरले, मिटायच्या जागी मिटवले, उघडायच्या जागी सोडले, आणि एकेक शब्द वेगळा करून तिसऱ्यांदा म्हटलं. आई बोलतेय. माझी मुलगी येईल.

"अच्छा," पलीकडची बाई तिच्या भाषेत म्हणाली. "समजलं. थँक यू. आम्ही तिची वाट बघू."

लेकीने पुढे होऊन तारीख सांगितली, धन्यवाद दिले, फोन बंद केला. मग ती आईकडे वळली. नवऱ्याला वाटलं आता ही गळ्यात पडणार. पण लेकीचा चेहरा रागाने पांढरा पडला होता.

"म्हणजे तुला बोलता येत होतं."

बाईंनी हो म्हणून मान हलवली.

"कधीपासून? मी आले तेव्हा येत होतं? मी रोज समोर बसून भीक मागत होते तेव्हा?"

बाईंनी पुन्हा मान हलवली. खोटं कशाला बोलायचं.

"का आई?" लेकीचा आवाज फाटला. "मला वाटलं गेला तुझा आवाज. मी बसमध्ये बसून आठवायचा प्रयत्न करायचे, तू हाक कशी मारायचीस. आठवेना. आणि तू इथे बसून, येत असून..."

"घाण," बाई म्हणाल्या. मग आणखी काहीतरी म्हणाल्या. लेक नर्स होती, असली तोंडं तिने पुष्कळ पाहिली होती, तिला कळलं. ऐकायला घाण वाटतं, असं आई म्हणत होती.

"आहेच घाण," लेक म्हणाली. "मग? माझंही घाणच आहे. तू आतून सगळं ऐकलंस ना? चुका मोजल्या असशील. पण माझे पेशंट मरत नाहीत त्या चुकांनी. तुला वाटतं मला इंग्रजीची गोडी नाही? मला फार आवडतं आई. तू मला सुट्टीत त्या बाकावर बसवलंस. मी तिसरीत होते. मला ‘थ्री’ म्हणता येईना, ‘ट्री’ यायचं. सगळे मोठे लोक बोलत होते आणि मी मागे भिंतीला टेकून गप्प. तू मला पुढे बोलवशील म्हणून वाट बघत होते. शाळा सुरू झाली, तू बोलवायला विसरलीस."

नवरा खाली बघत होता. रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

बाईंना ते आठवत नव्हतं. खूप ताणून बघितलं, तरी त्या बाकावर कोणी लहान मूल दिसेना. त्यांनी लेकीच्या दंडाला धरून तिला खुर्चीत बसवलं, स्वतः समोर बसल्या, आणि स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बोल." शब्द ‘मोल’सारखा आला. "इंग्रजी. माझ्याशी."

लेकीने तोंड उघडलं. आत्ता फोनवर खळखळून हसणारी, अनोळखी माणसाला पाच मिनिटांत आपलंसं करणारी पोर, तिचे ओठ नुसते हलले. तिने घसा खाकरला. ‘मदर’ म्हणायला ती निघाली आणि ‘म’वरच थांबली. मग मान खाली घातली.

"नाही येत," ती हळूच म्हणाली. "तुझ्यासमोर नाही येत गं आई."

आणि बाईंना दुखलं. तीन महिन्यांत सुया टोचल्या, गाल चोळला, माणसं रडली, काही काही लागलं नव्हतं. हे लागलं, बरगडीच्या आत, थेट. रडावंसं वाटलं पण रडता येईना, चेहऱ्याला अजून ते काम येत नव्हतं. त्यांना लेकीला पुष्कळ काही सांगायचं होतं. माफ कर, म्हणायचं होतं, पण त्यात ‘म’ही होता आणि ‘फ’ही. तू छान बोलतेस म्हणायचं होतं, आणि ते आजवर कोणाला म्हटलेलं नसल्यामुळे जिभेला सवयच नव्हती. शेवटी त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला आणि जे सगळ्यात आधी निघालं ते बोलल्या.

"जा."

शब्द स्वच्छ आला. त्याला ओठ लागत नाहीत.

लेकीने वर पाहिलं. डोळे भरलेले, नाक लाल, बापासारखं. ती हसली की रडली ते सांगता येणार नाही, पण तिचा आवाज मात्र ठाम होता.

"जा काय म्हणतेस, आई? चुकलं. जाणाऱ्याला जा म्हणू नये. ये म्हणावं."

वर्ग काढल्यापासून बाईंची चूक कोणी काढली नव्हती. नवऱ्याने घाबरून दोघींकडे पाहिलं. बाई लेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या, वर्गात नव्याने आलेल्या माणसासारख्या. मग त्यांनी श्वास घेतला.

"ये," त्या म्हणाल्या.